कयाक फिशिंगचा फिटनेस नुसत्या दंडात नसतो: फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यानुसार उत्तर

गेला महिनाभर फिशिंगच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, "90 दिवसांत कयाक अँगलर". ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कयाक (पॅडल मारत चालवायची लहान अरुंद होडी) हा हाताचा खेळ आहे म्हणून रोज बायसेप आणि खांदे मारा, 90 दिवसांनी एका दमात 10 किमी पॅडल मारता आलं की तुम्ही समुद्रासाठी तयार, वजन 85 किलोच्या वर असेल तर आधी ते उतरवा, पोहता येत असेल तर लाइफ जॅकेट नुसती अडचण, पन्नाशीनंतर या भानगडीत पडू नका, आणि पैसे असतील तर पेडल कयाक (हाताऐवजी पायाने चालवायची) घ्या म्हणजे फिटनेसचा प्रश्नच मिटला. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, लोकांनी घराबाहेर पडावं, व्यायाम करावा असंच त्याला वाटत असणार. पण पाऊस सरला की मालवण, देवगड, दाभोळपासून खाली गोव्यात शापोरा-मांडवीपर्यंत बरेच नवीन लोक कयाक पाण्यात टाकणार आहेत आणि त्यातला एखादा हा मेसेज प्रमाण मानून खाडीच्या तोंडाशी गेला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

पहिला मुद्दा, कयाक हा हाताचा खेळ. नाही. चांगला पॅडल मारणारा माणूस जरा जवळून बघा. उजवीकडचं पातं पाण्यात शिरताना त्याचा उजवा खांदा पुढे आलेला असतो, छाती डावीकडे वळलेली असते, मग उजवा पाय फूटपेगवर (पाय टेकवायच्या खुंटीवर) दाबला जातो, कंबरेपासून वरचं अंग परत फिरतं आणि पातं कंबरेजवळ आलं की अलगद बाहेर निघतं. या सगळ्यात कोपर फारसं दुमडतच नाही. दोरीच्या रवीने ताक घुसळताना एक हात पुढे जातो एक मागे येतो आणि अंग आपोआप वळतं ना, तसंच हे आहे. जोर येतो पायातून, पोटातून आणि पाठीतून, हात फक्त तो पॅडलपर्यंत पोचवतात. नुसत्या हाताने ओढणाऱ्याची अर्ध्या-पाऊण तासात मनगटं आणि कोपरापासून खालचे हात भरून येतात, मूठ आवळली जाते, आणि नेमका मासा लागतो तेव्हा रील फिरवायला बोटं ऐकत नाहीत.

मग टार्गेट काय ठेवायचं? माझ्या मते पहिलं टार्गेट बायसेपचं नाहीच, बसण्याचं आहे. जमिनीवर पाय समोर लांब करून, पाठ भिंतीला न टेकवता 10 मिनिटं ताठ बसता येतं का बघा. बहुतेकांना येत नाही, मांडीच्या मागच्या शिरा ओढतात आणि कंबर मागे कलते. कयाकवर तर असंच तीन-तीन तास बसायचं असतं आणि पहिल्या सीझनला लोक पाठ धरून घरी येतात ते यामुळे. त्यामुळे मांडीमागचं स्ट्रेचिंग रोज, प्लँक आणि साइड प्लँक, रबर बँड खांबाला बांधून कंबरेतून वळण्याचा व्यायाम, आणि पाठीसाठी रोइंग. ज्यांच्या गावच्या तालमीत अजून मुद्गल आहे त्यांनी तो हलक्या वजनाने जरूर फिरवावा, खांद्याला आणि पकडीला त्याच्यासारखा व्यायाम मी तरी दुसरा बघितला नाही. दंड-बैठकांना माझा विरोध नाही, पण फक्त दंड मारून छाती-खांदे पुढून आवळले आणि पाठ तशीच राहिली की खांदा दुखायला लागतो.

आणि मासा खेचायला ताकद लागते म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. 20 पाउंडाची ब्रेड (विणलेली लाइन) असेल तर ड्रॅग, म्हणजे रील किती ओढीला लाइन सोडेल तो ताण, साधारण त्याच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे अडीच-तीन किलोच्या आसपास. एवढा ओढा सहन करायला कोणी पैलवान लागत नाही. मोठा जिताडा (मालवण-गोव्याकडे चोणक म्हणतात तोच) लागला की तो कयाकलाच ओढत नेतो, आणि कांदळवनाच्या मुळांकडे घेऊन चालला तर एका हातात रॉड धरून दुसऱ्या हाताने पॅडल मारत कयाक वळवावी लागते. तेव्हा तोल जाऊ न देता अंग वळवता येणं हीच खरी ताकद.

उलट जिथे खरोखर जोर लागतो त्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. साधी फिशिंग कयाक 25 ते 35 किलोची असते. सकाळी भरतीला धक्क्यावरून आरामात सोडली, पण परत येईपर्यंत ओहोटी लागलेली असते आणि मध्ये गुडघाभर चिखल, त्यात कालवांची धारदार शिंपलं. थकलेल्या अंगाने ती कयाक चिखलातून गाडीपर्यंत आणायची असते आणि इथेच पाठी धरतात. म्हणून डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) नीट शिकून घ्या, दोन्ही हातात पाण्याचे कॅन घेऊन चालायची सवय करा. "पाण्यातून आल्यावर, थकलेलो असताना, जोडीदाराबरोबर कयाक न थांबता गाडीपर्यंत नेईन" हे टार्गेट कुठल्याही बायसेपच्या मापापेक्षा उपयोगाचं आहे.

दुसरा मुद्दा 10 किमीचा, आणि सगळ्यात धोकादायक मला हाच वाटतो कारण तो ऐकायला एकदम बरोबर वाटतो. तळ्याच्या शांत पाण्यात फिशिंग कयाक तासाला 4-5 किमी जाते, म्हणजे 10 किमीला दोन-अडीच तास. चांगलं आहे, करा की. पण कोकणातल्या खाडीत किलोमीटरला स्वतःचा असा अर्थ नाही. ओहोटीबरोबर 3 किमी जाताना काहीच कष्ट पडत नाहीत आणि तेच 3 किमी उलट यायला पूर्ण दम निघतो, कारण उधाणाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी पाण्याचा वेग तुमच्या पॅडलच्या वेगाएवढा किंवा त्याहून जास्त असू शकतो. मुंबईकडे उधाणाला पाणी 4 ते 5 मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, सिंधुदुर्ग-गोव्याकडे त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर, पण अरुंद मुखातून सगळं पाणी जायचं म्हटल्यावर ओढ तिथेही असते. आणि सहा तासांच्या ओहोटीत पाणी एकसारखं उतरत नाही, पहिल्या तासात बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. 10 किमीवाला पठ्ठ्या त्या दोन तासांत उलट यायला निघाला तर घाम गाळून जागच्या जागी राहील.

त्यात वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे अक्षरशः अंगावर येतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, हळूच बाहेर ढकलतो आणि वाटतं काय मस्त चाललोय. दुपारी खारा वारा उठतो, फेब्रुवारी-मार्चपासून पुढे वायव्येचा जोर चांगलाच असतो, आणि त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असेल तर खाडीच्या मुखावरच्या वाळूच्या पट्टीवर येणाऱ्या लाटा आणि जाणारं पाणी समोरासमोर भिडतं आणि लाटा उभ्या राहून फुटतात. तिथे किलोमीटर मोजून काही होत नाही.

म्हणून अंतराऐवजी मी दोन गोष्टी सांगेन. एक म्हणजे बेस, दर आठवड्याला निदान 150 मिनिटं दम लागेल पण बोलता येईल एवढ्या वेगाने चालणं, सायकल, पोहणं, काहीही (जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना एवढंच सांगते, वर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम). दुसरं आणि खरं टार्गेट असं, की दोन तास पाण्यावर घालवल्यानंतर वाऱ्याच्या विरुद्ध 20 मिनिटं न थांबता जोरात पॅडल मारता आलं पाहिजे. सुरुवातीला नाही, शेवटी. कारण फिशिंगमध्ये तुम्ही सलग पॅडल मारतच नाही, थोडं जाता, थांबता, कास्ट करता (गळ फेकता), वाहत जाता, परत मागे येता, आणि सगळ्यात जास्त दम लागतो तो अंग आंबलेलं असताना, ऊन डोक्यावर आलेलं असताना, पाण्याची बाटली रिकामी झालेली असताना. ताकदीचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला आणि एक शिल्लक, आणि तो शिल्लक भाग मासा लागला म्हणून खर्च करू नका.

आणि भरतीची वेळ काढणं हाही माझ्या लेखी फिटनेसचाच भाग आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना विचारा, तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आगेमागे. अचूक वेळेला टाइड टेबल बघायचंच, पण नवख्याने पहिले काही महिने अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस धरावेत, पाणी कमी ओढतं. जून ते सप्टेंबर समुद्राचं नाव काढायचं नाही, ते महिने जमिनीवरच्या व्यायामाला उत्तम.

तिसरा मुद्दा वजनाचा, यावर फार वेळ घालवत नाही. 85 हा आकडा कुठून आला ते मेसेजमध्ये सांगितलेलंच नाही. मर्यादा कयाकला असते. साधारण 10 फुटी कयाकची क्षमता 120-150 किलो असते, लांब-रुंद कयाकची आणखी जास्त, आणि तुमचं वजन अधिक आइसबॉक्स, पाणी, नांगर, फिशफाइंडरची बॅटरी हे सगळं मिळून त्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास राहावं. त्यात बसत असाल तर 95 किलोचा माणूसही मजेत फिशिंग करतो. उगाच त्याला किनाऱ्यावर बसवून ठेवू नका, पॅडल मारता मारता उतरेल की वजन.

चौथा मुद्दा वाचून मात्र मला खरंच राग आला. पोहता येतं म्हणून जॅकेट नको? अहो, कयाकवरून पडताना माणूस तोंड उघडं असताना पडतो, पाणी जातं, पायात लाइन अडकते, पोटरीत गोळा येतो, डोकं कयाकच्या काठावर आपटतं. आणि रिकामी झालेली कयाक वाऱ्यावर इतकी भरभर जाते की चांगला पोहणाराही तिच्यामागे दमतो. जॅकेटमुळे हात मोकळे राहतात आणि परत चढायला ते हातच लागतात. कास्टिंगला अडचण होते म्हणता तर फिशिंगसाठीचं घ्या, त्याचा मागचा भाग सीटच्या वर संपतो आणि बगला मोकळ्या असतात. सीटमागे बांधून ठेवलेलं जॅकेट पडल्यावर काही कामाचं नाही, अंगात हवं आणि पट्टे आवळलेले हवेत.

आता परत चढण्याबद्दल, कारण माझ्या मते कयाक फिशिंगचं पहिलं फिटनेस टार्गेट हेच असायला हवं आणि त्या मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही. कयाक उलटी झाली की तिच्या मधोमध या, तिच्या वर आलेल्या तळावरून हात पलीकडे टाकून लांबचा काठ धरा, जवळच्या काठावर गुडघा रोवा आणि मागे झुका, ती सुलटी होते. मग लगेच वर चढायचा प्रयत्न नाही. आधी दोन्ही हात डेकवर ठेवून पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत मारायचे, अंग आडवं करायचं, आणि मग एक जोरदार लाथ आणि हाताने कयाक स्वतःच्या पोटाखाली ओढायची. पोट डेकवर आडवं आलं की क्षणभर श्वास घ्यायचा, मग कूस बदलून बूड सीटमध्ये, शेवटी पाय. जिममधले दणकट लोक इथे अडकतात कारण ते पुलअप्ससारखं सरळ वर चढायला बघतात, पाय कयाकखाली जातात आणि ती परत अंगावर उलटते. ताकदीपेक्षा इथे पाय मारणं आणि अंग आडवं करणं महत्त्वाचं, आणि ते घरी बसून येत नाही. भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्या वेळात, मालवणजवळच्या कर्ली किंवा कालावल खाडीच्या आतल्या शांत भागात, जोडीदार बरोबर घेऊन आधी छातीभर पाण्यात आणि मग पाय टेकणार नाहीत तिथे सराव करा. पोहण्याचा तलाव जवळ असेल तर शिडी न वापरता काठावरून बाहेर यायची सवय लावा, स्नायू तेच लागतात. टार्गेट लिहून ठेवा: फिशिंगच्या कपड्यांत, जॅकेट घालून, लागोपाठ पाच वेळा, आणि तेही ट्रिपच्या शेवटी. हे जमेपर्यंत खाडीच्या मुखाबाहेर जायचं नाही, मग 10 किमी काय 20 किमी मारता येत असलं तरी.

पाचवा मुद्दा, पन्नाशी. आपल्याच किनाऱ्यावर साठी ओलांडलेले काका हलत्या होडीत उभं राहून पाग (फेकायचं जाळं) टाकतात, ते बघूनही कोणी असं लिहावं याचं वाईट वाटतं. पन्नाशीनंतर बीपी, शुगर, हृदय तपासून डॉक्टरांशी बोलून घ्या, दोन ट्रिपमध्ये विश्रांती जास्त ठेवा आणि टार्गेटमध्ये तोल वाढवा, एका पायावर उभं राहणं, हात न टेकता जमिनीवरून उठणं. बाकी सगळं तेच.

शेवटचा मुद्दा पेडल कयाकचा. होबी कंपनीने 1997 मध्ये मिराज ड्राइव्ह (पायाने चालवायची यंत्रणा) आणल्यापासून हात मोकळे ठेवून फिशिंग करता येतं हे खरं, आणि भारी गोष्ट आहे. पण काम हातांवरून मांड्या-गुडघ्यांवर गेलं, नाहीसं झालं नाही, सायकल किंवा जिने चढायची सवय नसेल तर तासाभरात गुडघे बोलायला लागतात. शिवाय या कयाक बऱ्याचदा 40-50 किलोच्या, म्हणजे चिखलातून काढायचा प्रश्न जवळजवळ दीडपट. आणि उथळ पाण्यात, खडकांवर, कुणाच्या जाळ्याच्या दोरीत ड्राइव्ह अडकलं की ते वर घ्यावं लागतं आणि मग पॅडलच. त्यामुळे पेडलवाल्यांनो, पॅडल लीशने बांधून नेहमी बरोबर ठेवा, आणि महिन्यातून एकदा तरी मुद्दाम ड्राइव्ह काढून नुसत्या पॅडलवर धक्क्याला परत या, वारा समोरून असेल असा दिवस निवडून.