खुलासा : वजन सारखं म्हणजे काडतूस सारखं नव्हे

‘गोळीचं वजन सारखं असलं की कोणत्याही कंपनीचं काडतूस चालतं, झिरो (दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागण्याची जागा यांची जुळणी) पुन्हा तपासायला नको,’ असा संदेश फिरतो आहे. मोठ्या जनावराच्या शिकारीत हा सल्ला घातक आहे. जनावर जखमी होऊन निसटतं आणि तडफडत मरतं.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात; 180 ग्रेन म्हणजे सुमारे 11.7 ग्रॅम. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी लांब होते. तिला स्थिर ठेवायला नळीतले, गोळीला फिरवणारे पेच जास्त घट्ट लागू शकतात. ती उमलायलाही, म्हणजे लागल्यावर टोक फुलून रुंद व्हायलाही, पुरेसा वेग लागतो. लांबवर वेग घटला की ती न उमलता आरपार जाते. उलट पातळ आवरणाची शिशाची गोळी जवळून जाड हाडावर बसली तर फुटते, खोल जातच नाही. जाड हाडांच्या जनावरासाठी बाँडेड (शिसं आवरणाला घट्ट जोडलेली) किंवा तांब्याचीच घ्यावी.

काडतूस बदललं, अगदी लॉट (उत्पादनाची खेप) बदलला तरी, आधी दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू तपासा. टेकू देऊन 100 मीटरवर 3 गोळ्या झाडा, नळी थंड होऊ द्या, पुन्हा 3. एका गोळीवरून दुर्बिणीचा नॉब फिरवू नका. नॉबची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 100 मीटरवर नेम सुमारे 7 मिलिमीटर सरकवते. गोळ्यांचा गट नेमापेक्षा 6 सेंटिमीटर खाली असेल तर 8 क्लिक वर.

आणि .308 विंचेस्टर व .30-06 या काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच असला तरी त्यांची केस (काडतुसाचं धातूचं नळकांडं) अनुक्रमे 51 आणि 63 मिलिमीटरची. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव जुळलंच पाहिजे.