सेल्फी पॉइंटला कार्ड घासणारा इसम

"सर, तो फक्त सेल्फी पॉइंट आहे," असं मला सांगणारा पोरगा जेमतेम वीस वर्षांचा असेल. त्याच्या टी-शर्टावर दात काढून हसणारा एक ससा होता. म्हणजे मला हसणारे एकदम दोघं.

पुतण्याचा वाढदिवस, मॉलमधला गेम झोन, केक कापून झालेला, पोरं बंपर कारमध्ये धडका देण्यात गुंग. एवढी पार्श्वभूमी पुरे. कोपऱ्यात मला ती जुन्या व्हिडिओ गेमची पेटी दिसली. उभी, लाकडी, दोन हँडलं, प्रत्येकाला सहा-सहा बटनं, स्क्रीनवर 'स्ट्रीट फायटर टू' या मारामारीच्या गेममधले र्‍यू आणि केन एकमेकांसमोर ठाकलेले. मी दोन-तीन पोरांना बाजूला सारून तिथं पोचलो आणि कार्ड घासलं. घासायची फट दिसेना म्हणून दिसेल तिथं घासलं. हँडल हलेना, तेव्हा दोन्ही हातांनी ओढलं. तेवढ्यात ससा आला.

स्क्रीन म्हणजे स्टिकर होतं, मागून ट्यूब लावलेली. हँडल चिकटवलेलं. खानावळीत काचेमागं कडक भाकरी बघून ताटावर बसावं आणि मालकानं सांगावं की ती फोटोपुरती ठेवलीय, तसं झालं. वर तो पोरगा म्हणतो, "फोटो काढून देऊ का? रेट्रो लुक येतो." मला त्यासाठी पेटीची गरज नव्हती, केसच पुरेसे होते.

स्ट्रीट फायटर टू जपानच्या कॅपकॉमनं १९९१ साली काढला. तो सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका बोळात कुठल्या वाटेनं पोचला, आणि आमच्या रुपयातला एक पैसा तरी कॅपकॉमला गेला का, हे विचारू नये. तिथल्या व्हिडिओ गेम पार्लरच्या दाराला पडदा म्हणून चादर लावलेली असे, अर्थात सोलापुरीच. कारण सांगायचे की स्क्रीनवर ऊन पडतं. खरं कारण बाहेरून जाणारे वडील. चादर जमिनीपासून वीतभर वर असल्यानं बाहेरच्या चपला दिसायच्या, आणि आम्ही वडिलांना चपलेवरून ओळखायला तिथंच शिकलो. आत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांतल्या शिव्या एकत्र नांदत. खाली, तिरकं, पुढं आणि बुक्का, की र्‍यूच्या हातातून निळा गोळा सुटायचा. त्या गेममध्ये धालसिम नावाचा एक भारतीयसुद्धा होता, हात लांबच लांब करून मारणारा. त्याला आमच्यात कोणी घेत नसे. हात लांब करणारी माणसं घरी भरपूर होती.

१९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' होता, तो सोलापुरात मुस्तफा या नावानंच मागायचा. त्यातला मुस्तफा धावत येऊन लाथ घालायचा. आम्ही तेच शाळेच्या व्हरांड्यात करून बघितलं, तो विषय वेगळा.

मुद्दा असा की रुपया टाकला की खेळ किती वेळ चालणार हे तुमच्या मनगटावर होतं. कच्चं पोरगं अर्ध्या मिनिटात बाहेर. पक्कं असेल तर त्याच रुपयात शेवटच्या बॉसपर्यंत, आणि मागं बघ्यांची गर्दी. मालक मात्र चडफडायचा. "ऊठ की बे, घरदार हाय का न्हाय तुला?" पेटीच्या आत बोर्डावर बारीक बारीक स्विच असतात. ते खाली-वर केले की गेम अवघड होतो किंवा लाइफ कमी मिळतात. एखादा पोरगा फार टिकायला लागला की दुसऱ्या दिवशी मालकाचा स्क्रू-ड्रायव्हर आत गेलेला असे. लाइट गेली की रुपयाही गेला. परत मागितला तर उत्तर ठरलेलं: "लाइटवाल्यांकडनं घे." लबाडच होता, पण समोर बसून लबाडी करायचा. त्याला शिवी देता यायची, आणि आपण ती द्यायचो.

इथं शिवी कुणाला देणार? कार्डाचे पन्नास रुपये, ते परत मिळत नाहीत. कमीत कमी पाचशेचं रिचार्ज. गाडीच्या गेममध्ये स्टिअरिंगला हात न लावता बसून राहिलो तरी ठरल्या वेळेपर्यंत गाडी पळत राहिली आणि शेवटी तिकिटांची माळ बाहेर आली. हरायची सोयच ठेवलेली नाही. खेळणी उचलणाऱ्या पंज्याच्या मशीनचं तर विचारूच नका. त्याची पकड कितव्या वेळेला घट्ट व्हावी, हे बऱ्याच यंत्रांत आधीच ठरवून ठेवता येतं. तोवर अस्वल उचललं जातं, लोंबकळतं आणि पडतं. जपानात सेगासारख्या व्हिडिओ गेमच्या बड्या कंपनीनंसुद्धा २०२२ च्या जानेवारीत गेम सेंटरच्या धंद्यातला उरलेला हिस्सा विकून टाकला, तिथं आमच्या बोळाला कोण विचारतो. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

तर तिकिटं. ती काउंटरवरच्या मशीनमध्ये घालायची. मशीन ती मोजतं आणि मोजता मोजता तुकडे करून टाकतं. माझ्या पुढं एक म्हातारी उभी होती. सोलापूरच्या तेलुगू वस्तीतली, म्हणजे पूर्व भागातली असणार, कारण नातू तिला 'अव्वा' म्हणत होता. तिनं पिशवीतून तिकिटांचे कट्टे काढले. पंचवीस-पंचवीसचा एक, प्रत्येकाला रबर. बोटं बघूनच कळत होतं की जन्मभर बिड्या वळल्यात. एकेक रबर काढून ती मनगटात घालत होती आणि कट्टा मशीनला चारत होती. शेवटी बारा सुट्टी.

मशीननं सांगितलं, चारशे सत्त्याण्णव.

"पाचशे बारा हैत," अव्वा म्हणाली.

"अव्वा, मशीन चुकत नाही."

"मग मी चुकते व्हय? कारखान्यात हजाराला एक बिडी कमी भरली न्हाई कधी. तिथं खराब बिड्यांचं छाट काढायचे, इथंबी छाट काढता का? दाखव छाट. उघड मशीन."

पाचशे तिकिटांना पाण्याची बाटली बक्षीस होती. चारशे सत्त्याण्णवला शिट्टी. नातू बाटलीकडे बघत होता. सशानं झाकण उघडून दाखवलं, आत कागदाचा नुसता भुसा. अव्वानं तो चिमटीत धरून पाहिला, सोडून दिला आणि मनगट पुढं केलं.

"रबर मोज."

"रबर कशाला?"

"एक रबर, पंचवीस तिकीट. मोज." आणि तिनं स्वतःच मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. ओकटी, रेंडु, मूडु... रांगेतली सगळी माणसं गप्प. सशाला तेलुगू येत नसावं, पण विसाव्या रबराला 'इरवै' अशा जोरात म्हटलं गेलं की त्यालाही हिशेब कळला.

तरी तो म्हणाला, "सिस्टिममध्ये चारशे सत्त्याण्णवच दिसतंय."

मग अव्वा माझ्याकडं वळली. "तुम्ही सांगा की. शिकल्याले दिसताव. वीस कट्टे घातले का न्हाई मी?"

मी पाहिले होते. म्हणालो, हो, वीसच होते. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या ठामपणे साक्ष दिली असेल. सशानं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि शेजारच्या पोरीला हळूच सांगितलं, पण मला ऐकू जाईल इतपतच हळू, "हेच ते, सेल्फी पॉइंटला कार्ड घासत होते."

अव्वानंही ऐकलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, आणि मला तिथल्या तिथं साक्षीदारांच्या यादीतून काढून टाकलं. "राहू द्या तुम्ही," म्हणाली. पुढची लढाई ती एकटी लढली. मागं रांग वाढत गेली, एक लहान मूल रडायला लागलं, अखेर आतून मॅनेजर आला आणि त्यानं कुठलंसं कार्ड लावून पंधरा तिकिटं भरली. बाटली मिळाली. अव्वानं झाकण फिरवून बघितलं. "ढिल्लं हाय. दुसरी दे."

दुसरी दिली. वरच्या बारा तिकिटांचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा मॅनेजरनं स्वतःच्या हातानं नातवाला एक खोडरबर दिलं.

माझी तिकिटं एकशे चाळीस भरली. त्यात पेन्सिल येत होती. मी घेतली नाही, तेवढा ताठा शिल्लक होता. कार्डावर अठरा रुपये उरलेत. अठरा रुपयांत तिथं काहीच खेळता येत नाही, आणि हे अठरा कुणी चुकून ठेवलेले नाहीत याची मला खात्री आहे.

आज सकाळी मेसेज आला. माझे अठरा रुपये वाट बघतायत, पाचशेचं रिचार्ज मारा, शंभर जादा मिळवा. शेवटी एक हसरा चेहरा. अठरा रुपयांची एवढी काळजी! आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तेही कधी पहाटे तीनला, कधी दुपारी. त्याचा मेसेज आजवर कुणी केलेला नाही.