सोपं कशाला म्हणायचं? शाळेच्या बँडच्या यादीवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शाळेच्या बँडला पेलतील अशा जॅझ, रॉक आणि फंकमधल्या सोप्या रचनांची यादी मागच्या महिन्यात इथे दिली होती. नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या सरांनी ती सातवी-आठवीच्या मुलांबरोबर वापरून पाहिली. त्यांचं म्हणणं असं: फंकची जी रचना ‘पहिल्या पायरीची’ म्हणून दिली, ती दोन महिने झाले तरी बसत नाही. रॉकची गाणी गिटारवाल्यांना जमतात, पण ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनची मुलं शार्पच्या, म्हणजे सूर अर्ध्याने चढवण्याच्या खुणांच्या जंगलात हरवतात. जॅझमध्ये जे दिलं ते दोन स्वरांचं, मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळली. आणि शेवटी, गॅदरिंगला पालकांना हे ऐकायचंच नसतं, त्यांना ओळखीचं गाणं हवं असतं.

फंकचं आधी घेतो, कारण तिथे चूक यादीचीच आहे. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचं १९७३ चं ‘कमीलियन’ मी वर ठेवलं ते कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, मोजून. मुख्य भागात दोनच कॉर्ड आहेत, बी फ्लॅट मायनर सेव्हन आणि ई फ्लॅट सेव्हन. पण फंकमध्ये अवघड काम ठोक्याच्या आत असतं. साध्या रॉकमध्ये एका ठोक्याचे दोन भाग मोजता आले की मूल तरून जातं. फंकमध्ये चार भाग मोजावे लागतात, आणि कुठे वाजवायचं याच्याइतकंच कुठे गप्प बसायचं हेही पक्कं लागतं. मुलांना रिकामी जागा सहन होत नाही. ती जागा लवकर संपवून पुढच्या सुरावर उडी मारतात आणि लय दर आवर्तनाला थोडी थोडी चढत जाते. ‘सुरुवात बरी होते, मिनिटाभरात गाडी पळायला लागते’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच. मुलांचा आळस किंवा सरावाची कमतरता त्यात नाही.

या रचनेत आणखी एक सापळा आहे. बेसची ओळ समेच्या, म्हणजे पहिल्या ठोक्याच्या, आधीच अर्ध्या-अर्ध्या सुरांनी चढायला लागते. मुलांना ओळीचा पहिला सूर म्हणजेच सम वाटते. मग चढण समेवर सुरू होते, अख्खी ओळ सरकते, आणि ड्रम एकीकडे, बेस दुसरीकडे असं होतं. ड्रमवाला बिचारा बरोबर असूनही सगळे त्याच्याकडेच बघतात.

यावर आपल्या मुलांकडे एक तयार हत्यार आहे, ते म्हणजे ‘तिरकिट’. एका ठोक्याला एक तिरकिट, बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या गटात, चार तिरकिट. ‘ति’ ठोक्यावर, ‘कि’ बरोबर मध्ये, ‘र’ आणि ‘ट’ त्यांच्या मधल्या फटीत. फळ्यावर चार वेळा तिरकिट लिहा आणि ज्या अक्षरावर सूर येतो त्याला गोल करा. मुलांनी सगळी अक्षरं कुजबुजत म्हणायची आणि गोलातल्या अक्षरावर टाळी द्यायची. वाद्य अजून हातात घ्यायचंच नाही. मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरू करा. पूर्ण बँड ८० वर दोन मिनिटं न चढता टाळ्या देऊ शकला की मग वाद्यं काढा. तबल्याच्या वर्गातली मुलं हे पहिल्याच तासाला पकडतात आणि बाकीच्यांना ओढून नेतात. सम ही कल्पना तर त्यांना समजावून सांगावी लागतच नाही, आणि फंकचा सगळा डोलारा बारच्या पहिल्या ठोक्यावर उभा असतो.

वाद्यांवर आल्यावर थर एकेक करून चढवा. ड्रमला हायहॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) ठोक्याला दोनच आघात द्या. एका हाताने ठोक्याला चार मारायला लावलं की सातवीतल्या मुलाचा दंड आखडतो आणि लय तिथूनच बिघडते. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. बेसने पहिले दोन तास फक्त समेवरचा मूळ सूर वाजवायचा, चढण नंतर. गिटारने दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर एकच आखूड घाव घालायचा आणि डाव्या हाताची पकड लगेच सैल करून आवाज मारायचा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) प्रत्येक ठोक्यावर न लावता अर्ध्या वेगाला लावून तो दुसऱ्या-चौथ्यावर ऐकायला शिकवा, म्हणजे मधली जागा मुलांना स्वतः सांभाळावी लागते. एवढं करूनही या रचनेला पंचवीसेक तासिका धराव्यात. म्हणजे ही दुसऱ्या वर्षाची रचना झाली. यादीत ती खाली सरकवली आहे.

तिच्या जागी हॅनकॉकचंच १९६२ चं ‘वॉटरमेलन मॅन’ घ्या. ठोक्याचे दोन सरळ भाग पुरतात, आणि मूळ पट्टी एफ आहे, म्हणजे पांढरी चार. बांधणी १६ बारची: चार बार एफ सेव्हन, दोन बी फ्लॅट सेव्हन, दोन एफ सेव्हन, मग सी सेव्हन आणि बी फ्लॅट सेव्हनची एकेका बारची जोडी तीनदा, आणि शेवटी दोन बार एफ सेव्हन. ही तीनदा येणारी जोडीच मुलं चुकतात. बारा बारच्या ब्लूजची (हा ठरलेला कॉर्डक्रम खाली दिला आहे) सवय असली तर एका जोडीनंतरच घरी परततात. कीबोर्डवाल्याने त्या सहा बारांत बोटांनी एक, दोन, तीन दाखवावं. याहून वेगळा उपाय लागत नाही.

आता पट्ट्यांचं. इथे तुमचा आक्षेप अर्धा मान्य आहे. गिटारला ई आणि ए आवडतात, कारण मोकळ्या तारा तिथे आहेत. बी फ्लॅटच्या वाद्यांना, म्हणजे ज्यांचा कागदावरचा सी प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो त्या ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सला, मूळ पट्टीच्या एक पूर्ण स्वर वर लिहावं लागतं. आल्टो सॅक्स ई फ्लॅटचा, त्याला सा वरून ध वर जावं लागतं. त्यामुळे बँड ई मेजरमध्ये वाजायला लागला की ट्रम्पेटच्या कागदावर सहा शार्प येतात आणि आल्टोच्या कागदावर सात. नवख्या मुलाला हे शक्यच नाही, त्यात शिक्षकाचा दोष नसतो. तीच रचना एफमध्ये घेतली तर ट्रम्पेटला एक शार्प आणि आल्टोला दोन. बी फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी पाचमध्ये, ट्रम्पेटला एकही नाही आणि आल्टोला एक.

पण म्हणून रॉक सोडायला नको, निवड बदलायला हवी. डीप पर्पल या रॉक बँडचं १९७२ चं ‘स्मोक ऑन द वॉटर’ जी मायनरमध्ये आहे. ट्रम्पेटला ए मायनर, आल्टोला ई मायनर, आणि गिटारला मधल्या डी आणि जी या दोन तारा. काहीही बदलायला नको. मुख्य ओळीचे सूर ट्रम्पेटला ए, सी, डी आणि मग ए, सी, ई फ्लॅट, डी असे पडतात. नीट बघावं लागतं ते एवढंच की दुसऱ्या तुकड्याची सुरुवात ठोक्यावर होत नाही. पाय आपटत नुसती ओळ गुणगुणून घेतली की ते बसतं. व्हाइट स्ट्राइप्स या रॉक बँडचं २००३ चं ‘सेव्हन नेशन आर्मी’ मूळ ई मायनरमध्ये आहे, ते डी मायनरला उतरवा. गिटार आणि बेसवाल्यांनी ए तारेवर सातव्या पडद्याऐवजी पाचव्यावर सुरू करायचं, बाकी आकार तोच. आल्टोसाठी ही ओळ हाताच्या मधोमध येते, ट्रम्पेटला मात्र तळाशी जाते आणि तिथे मुलांचा आवाज पोकळ येतो. त्यामुळे ओळ आल्टो आणि बेसला द्या, ट्रम्पेटला फक्त कडव्यानंतरच्या जोरदार जागा. बारच्या उत्तरार्धात दोन ठोक्यांत तीन सूर बसवायचे आहेत, तेवढं आधी तोंडाने घोकून घ्या.

एक कळकळीची सूचना: कीबोर्डच्या ट्रान्सपोज बटणावर कागदाची चिकटपट्टी लावून ठेवा. प्रार्थनेच्या वेळी कुणीतरी पट्टी दोनने वर करतं आणि बँडच्या तासाला सगळी फुंकवाद्यं बेसूर ठरतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या तासाला आणखी एक गोष्ट घडते. नाशिकच्या थंडीत धातूची वाद्यं खाली उतरतात, कीबोर्ड उतरत नाही. पाच मिनिटं वाद्यातून आवाज न काढता गरम श्वास सोडायचा, दोन-तीन लांब सूर धरायचे आणि मगच सूर जुळवायचे. थंड वाद्य जुळवलं तर दहा मिनिटांनी ते पुन्हा चढलेलं असतं.

दोन स्वरांच्या जॅझबद्दल मात्र मी मागे हटत नाही. जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या ‘सी जॅम ब्लूज’ची चाल जी आणि सी एवढ्याच सुरांची आहे हे खरं. पण मुलं कंटाळली याचा अर्थ त्यांना फक्त चाल वाजवायला मिळाली. चाल हा त्या रचनेचा दरवाजा आहे, घर आत आहे. ते घर म्हणजे बारा बारचं ब्लूज: काळी पाचमध्ये चार बार बी फ्लॅट, दोन ई फ्लॅट, दोन बी फ्लॅट, एक एफ, एक ई फ्लॅट आणि दोन बी फ्लॅट. काळी पाच सुचवण्याचं कारण पट्ट्यांच्या हिशोबात आलंच आहे. शिवाय त्या पट्टीत चालीचे दोन्ही सूर ट्रम्पेटला जी आणि सी असे येतात आणि दोन्हींना एकही कळ दाबावी लागत नाही. बदल फक्त ओठांनी करायचा. म्हणजे दोन स्वर असूनही पहिल्या वर्षाच्या मुलासाठी तो खरा ओठांचा व्यायाम आहे. तुमच्या शाळेच्या संचलन पथकात बी फ्लॅटचे बिगुल असतील, तर ते वाजवणारी मुलंसुद्धा ही चाल वाजवू शकतात, कारण हे दोन्ही सूर बिगुलात आहेत. पंधरा ऑगस्टनंतर कपाटात जाणारं वाद्य असं बँडमध्ये येतं.

१९४२ च्या ध्वनिमुद्रणात एलिंग्टनने एक सुंदर युक्ती वापरली आहे. एकल वाजवणाऱ्याला आधी चार बार पूर्ण मोकळे, साथ बंद, आणि मग त्याचं बारा बारचं आवर्तन. शाळेत ते चार बारच द्या. एका मुलाने चार बार एकट्याने, तीनच सुरांतून, काहीही वाजवायचं, आणि पाचव्या बारला सगळ्यांनी एकत्र शिरायचं. एकट्याला हिंमत लागते, बाकीच्यांना मनात मोजत राहावं लागतं. दोन स्वरांची चाल इथे उपयोगी पडते, कारण परत येण्याची जागा कुणीच विसरत नाही.

आणि झोल, म्हणजे स्विंग. जॅझमधले ठोक्याचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड. हे कागदावर शिकवायला गेलं की मुलं लंगडी लय वाजवतात. दादरा म्हणायला लावा: धा धी ना, धा ती ना. मग मधली ‘धी’ आणि ‘ती’ गिळायची: धा ऽ ना, धा ऽ ना. मध्यम लयीत झोल बराचसा असाच असतो. लय वाढली की दोन भाग सारखेपणाकडे झुकतात, त्यामुळे द्रुत लयीत हा दादरा ओढून आणू नका.

पालकांना ओळखीचं गाणं हवं असतं, यात वाद नाही. तीन मिनिटांचं एक हिंदी किंवा मराठी गाणं जरूर घ्या. फक्त तिथेही हीच फूटपट्टी लावा: पट्टी, फुंकवाद्यांचा आवाका, ठोक्याचे भाग. सिनेमातल्या गाण्याची पट्टी गायकाच्या गळ्यासाठी ठरलेली असते, तुमच्या ट्रम्पेटसाठी नाही.

तयार विकत मिळणाऱ्या लिपींच्या, म्हणजे वाद्यांसाठी लिहिलेल्या स्वरलेखनाच्या, ग्रेडवरही फार विसंबू नका. मोठ्या जॅझ बँडची नेहमीची रचना पाच सॅक्स, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि चार तालवाद्य-साथीदार अशी सतरा जणांची असते. तुमच्याकडे नऊ मुलं आहेत. तिसऱ्या ट्रम्पेटचा सूर गेला की कॉर्ड अर्धवट ऐकू येते आणि सोपी लिपीही भिकार वाटते. ज्या लिपीत प्रत्येक ओळ कुठल्याही वाद्याला देता येते, तीच घ्या.

वेळेचा हिशोबही महत्त्वाचा आहे. आपल्याकडे गणपतीआधी मोठी मुलं ढोल पथकाच्या सरावाला जातात, मग सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. त्यानंतर गॅदरिंगपर्यंत हातात पाच-सहा आठवडे, आठवड्याला दोन धरले तर दहा-बारा तासिका. गॅदरिंगसाठी नवी रचना तिथे सुरू करूच नये. ढोलवाल्या मुलांना ड्रम आणि बेसवर ठेवा, सम त्यांच्या अंगात भिनलेली असते. त्यांना शिकवायचं असतं ते हलक्या आवाजात वाजवणं. काड्या ड्रमच्या कातड्यापासून वीतभर उंचीवरूनच खाली यायला हव्यात, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

तुमच्या नऊ मुलांसाठी माझा क्रम असा राहील: जूनमध्ये ‘स्मोक ऑन द वॉटर’, ऑगस्टपासून काळी पाचमधलं ब्लूज, सहामाहीनंतर ‘वॉटरमेलन मॅन’ची ओळख आणि ते पुढच्या वर्षी मंचावर. तिन्ही ट्रम्पेटवाल्यांना खालच्या सी पासून वर कुठपर्यंत सूर स्वच्छ निघतो, आल्टोवाला मुलगा किती बार एका श्वासात धरतो आणि बेस गिटार आहे की कीबोर्डवरच बेस वाजतो, एवढं लिहून पाठवा. त्यावरून ‘वॉटरमेलन मॅन’च्या ओळी कुणाला काय द्यायच्या ते मी इथेच खाली लिहितो.