‘दोन अधिक दोन सगळ्यांना चारच’, मग गणितात समता कशाला?

एक मजकूर सध्या भरपूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गणित सगळ्यांना सारखंच, दोन अधिक दोन चारच. ज्याला डोकं आहे त्याला ते येतं. वर्गात समता आणायची म्हणजे पेपर सोपे करून दर्जा घालवायचा.

गणित सारखंच, हे मान्य. पण ते विचारण्याची रीत सारखी नसते, आणि गुण त्या रीतीवरही ठरतात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. त्याच प्रकारची आकडेमोड शाब्दिक उदाहरणांत दिली तेव्हा ७४ टक्के, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७ टक्के. ३५ ला एक नारळ, तर दहा नारळांचे किती? बारा वर्षांच्या एका मुलाने तिनाचे १०५ धरले, मग २१०, मग ३१५, आणि शेवटी ३५०. शून्य लावायचा नियम त्याने वापरला नाही. दहाची फोड ३+३+३+१ अशी केली. हा वितरण नियमच आहे, म्हणजे संख्या तोडून भाग वेगवेगळे गुणायचे आणि मग बेरीज करायची. पाठ्यपुस्तकी मांडणी नाही म्हणून याला कच्चा ठरवणं साफ चूक आहे.

आता वर्गातलं उदाहरण घ्या. ‘टाकीतील ६०० लिटर पाण्यापैकी दोन पंचमांश वापरल्यावर उरलेल्याच्या एक चतुर्थांश पाणी गळाल्यास किती शिल्लक राहील?’ उत्तर २७०. बरीच मुलं २१० लिहितात, कारण ती एक चतुर्थांशही ६०० चाच काढतात. हेच वाक्य तोडून द्या: टाकीत ६०० लिटर पाणी होतं. त्यातलं दोन पंचमांश वापरलं. जे उरलं, त्यातलं एक चतुर्थांश गळलं. आता किती राहिलं? गणिताची काठिण्यपातळी तसूभरही उतरलेली नाही. आता २७० आलं, तर अडचण वाचनाची होती. अजूनही २१० येत असेल, तर ‘कशाचा चतुर्थांश’ हे शिकवायला हवं. आकृती काढून आधी ३६० वेगळे दाखवा. शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असलेल्या मुलांना ही फोड न दिल्यास आपण अपूर्णांकांची नव्हे, वाक्यरचनेची परीक्षा घेतो.

‘डोकं’ हा मुद्दा बहुतेक वेळा मुलींवर येऊन थांबतो. अमेरिकेत साधारण तेरा वर्षांच्या मुलामुलींच्या गणित चाचणीत अगदी वरच्या गटात १९८०च्या सुमारास दर मुलीमागे तेरा मुलगे होते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ते प्रमाण चारास एकच्या आसपास आलं. जन्मजात क्षमता इतक्या झपाट्याने बदलत नाही.

राहिला दर्जा, आणि इथेच हा मजकूर सगळ्यात जास्त चुकतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७०च्या दशकात गणित शिकवणाऱ्या यूरी ट्राइजमन यांनी पाहिलं की कॅल्क्युलसमध्ये (कलन, उच्च गणिताची एक शाखा) मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, पण एकेकटे अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र गटाने बसून एकमेकांची उत्तरं तपासत. ट्राइजमन यांनी उजळणीचे सोपे वर्ग लावले नाहीत. त्यांनी गट केले आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. त्या गटांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं नापास होण्याचं प्रमाण बाहेरच्यांपेक्षा खूपच कमी राहिलं.

अंध विद्यार्थ्यांचीही अडचण गणिताची नसते, ते सांगण्याच्या रीतीची असते. ‘क्ष अधिक एक भागिले य’ असं फळ्याकडे बघत म्हटलं, तर ऐकणाऱ्याला अंशात फक्त एक आहे की क्ष अधिक एक, हे कळायला मार्ग नाही. अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने तयार केलेल्या ब्रेल पद्धतीत अपूर्णांक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याची स्वतंत्र चिन्हं आहेत. बोलतानाही तेच करा: ‘अपूर्णांक सुरू, क्ष अधिक एक, छेद य, अपूर्णांक संपला.’ याला काही सेकंद जास्त लागतात, आणि मागच्या बाकावरून फळा नीट न दिसणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.