लोक म्हणजे तीन माणसं

'मी कोण?' हा प्रश्न तुम्हाला छळत असेल तर आधी झोप पुरी करा. तरीही छळत राहिला, तर निदान स्वतःला तरी विचारू नका. तुमच्याबद्दल तुम्हाला काय कळतं? जन्माला आलात तेव्हा तुम्ही रडण्यात गर्क होता. नाव कुणी ठेवलं, नाक कुणावर गेलंय आणि डोकं कुणावर जाता कामा नये हे कुणी ठरवलं? जे तेव्हा शुद्धीवर होते त्यांनी. त्यांनाच विचारा.

माझंच सांगतो. मी चार वर्षांचा असताना घरी पाहुणे आले आणि दोन तास मी एका कोपऱ्यात गप्प बसून राहिलो. अंगात ताप होता. पण एका मावशींनी 'किती शांत आहे हो हा!' असं जाहीर केलं. ताप दोन दिवसांत उतरला, शांतपणा अजून उतरलेला नाही. भांडावंसं वाटतं तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो. मूळ स्वभाव काय होता हे विचारायचं, तर आता मावशीही राहिल्या नाहीत. थोरल्या बहिणीची अवस्था याहून बिकट. तिला 'समजूतदार' हे पद मिळालं. समजूतदार माणसाने आधी खेळणं सोडायचं असतं, मग खोली, मग परगावची नोकरी. आणि एवढं सोडल्यावर कधी चुकून रडू आलंच, तर 'तू तरी समजून घे' हे ऐकायचं असतं. तेव्हा तुम्हाला पद निवडायची संधी मिळाली तर तापट व्हा. तापट माणसाला सगळे सांभाळून घेतात.

१९५४ साली मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना कागद दिले आणि 'मी कोण?' या एकाच प्रश्नाची वीस उत्तरं लिहायला सांगितली. वेळ बारा मिनिटं. बहुतेकांनी आधी मुलगा, मुलगी, विद्यार्थी, अमुक धर्माचा अशी लोकमान्य उत्तरं लिहिली. ती संपली तेव्हा कुठे 'मी कंटाळलेला आहे' वगैरे माल बाहेर पडू लागला. यावरून धडा घ्या: बारा मिनिटं फार होतात. पाचव्या मिनिटाला कागद काढून घ्यावा. सातआठ नाती आणि एक हुद्दा एवढ्यात माणूस आयुष्यभर नीट चालतो. त्यापुढे खरवडायला गेलं की खालचा रंग दिसतो, आणि तो घरातल्या भिंतींना जुळेलच असं नाही.

आता मुख्य विषय: लोक काय म्हणतील? नवशिक्यांना वाटतं की लोक म्हणजे खूप असतात. गाव, समाज, जग वगैरे. एवढ्यांना घाबरायचं तर दमछाक होते. घाबरू नका, म्हणजे नेमक्या तिघांनाच घाबरा. हा आकडा माझा नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात काही तरुणांना खोलीत बसवलं. समोर एक रेघ, शेजारी तीन रेघा. तिघींतली कोणती पहिलीएवढी लांब आहे ते मोठ्याने सांगायचं. गोम अशी की एक जण सोडून बाकी सगळे फितवलेले. ते ठरवून, एका सुरात चुकीचं उत्तर देत. एरवी या कामात माणसं शंभरात एखादीही चूक करत नाहीत. पण बाकीच्यांचं ऐकल्यावर त्या बिचाऱ्याची साधारण एकतृतीयांश उत्तरं चुकली, आणि अशा बिचाऱ्यांतल्या चारांपैकी तिघांनी कधी ना कधी डोळ्यांना दिसत होतं ते सोडून दिलं. रेघ होती हो ती! तिच्यापायी कुणाचं लग्न मोडणार नव्हतं की कुणाला वाळीत टाकणार नव्हते.

मग ॲशने फितवलेल्यांची संख्या कमीजास्त करून पाहिली. समोर एकटाच असेल तर विशेष काही होत नाही. दोघे असले की माणूस डळमळतो. तिघांत काम जवळजवळ पुरं होतं. त्यापुढे गर्दी वाढवून फारसं पदरात पडत नाही. म्हणून आपले तिघे नीट पारखून घ्या. पहिला वर्षातून एकदाच भेटणारा असावा, म्हणजे मधल्या काळात त्याचं मत बदललं तरी आपल्याला कळत नाही. दुसरा वारलेला असेल तर फारच उत्तम, कारण 'आज ते असते तर' याला उत्तर नाही. तिसरा पूर्ण काल्पनिक असला तरी चालतो. 'कुणीतरी' हे त्याचं नाव.

तिघांचं मत मिळालं की त्याला 'पूर्वापार' म्हणायला लागा. पूर्वापार किती जुनं असावं याचं दडपण नको. आजीच्या लहानपणी होतं एवढं पुष्कळ झालं. गुलाबी रंग मुलींचा, निळा मुलांचा, हे सृष्टीच्या आरंभापासून ठरलेलं आहे ना? १९१८ साली अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाराचं एक मासिक नेमकं उलटं सांगत होतं: गुलाबी ठाम आणि जोरकस, म्हणून मुलांना, निळा नाजूक, म्हणून मुलींना. नवरीच्या पांढऱ्या पोशाखाचंही तेच. १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरा घातला, त्यानंतर ती टूम पसरली. आधी युरोपातल्या मुली आपल्याकडच्या चांगल्यातल्या चांगल्या कपड्यात लग्न करत, मग तो निळा असो की तपकिरी. पण ही माहिती घरी काढू नका. भलत्या रंगाचं खेळणं मागितल्याबद्दल ज्याने किंवा जिने लहानपणी मार खाल्ला आहे, त्या माणसाला आता एका जुन्या मासिकाचा हवाला देणं निर्दयपणाचं होईल.

बंडखोरी करायची हौस असेल तर तीही तयार मापात मिळते. केस, कपडे, शिव्या, सगळं ठरलेलं. फक्त तिथले तिघे वेगळे.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. ॲशच्या खोलीत फितवलेल्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी चुकीच्या उत्तरांचं प्रमाण वीसात एकाच्या आसपास घसरलं. एकाने! तेव्हा घराण्यातली ती एक आत्या, जी भर कार्यात 'पण त्या पोरीला विचारलं का कुणी?' म्हणते, तिला निमंत्रण उशिरा पोचेल असं बघा. तसंच मत कधी कागदावर, एकांतात मागू नका. उत्तर लिहून द्यायची मुभा मिळाली तेव्हाही त्या तरुणांचे डोळे लगेच सुधारले होते. मत नेहमी सर्वांसमोर, मोठ्याने आणि थोरांनंतर मागावं.

आणि खाजगीत कोण काय म्हणतं याची चौकशी तर मुळीच नको. १९९३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या दारू पिण्याच्या रिवाजाबद्दल जो तो मनातून थोडा अस्वस्थ होता, आणि बाकी सगळे मजेत आहेत असं धरून चालला होता. बघा, रिवाज चालवायला तो कुणाला पटावाच लागतो असं नाही. दुसऱ्याला पटलाय एवढं वाटलं की झालं.

राहता राहिली तुमची नेमणूक. तुम्हीही कुणाच्या तरी तिघांत आहात. सांगून नेमत नाहीत, एवढंच. एक दिवस भाचा येईल आणि चालू नोकरी सोडून भलतंच काही करणार असल्याचं सांगेल. लगेच बोलू नका. चष्मा काढा, पुसा, पुन्हा चढवा. मग म्हणा, 'बघ बाबा, तुझं तू ठरव.' 'तुझं'वर जरा जोर. आतून वाटेल, पोराचं चुकत नाहीये, आपणही तेव्हा हेच करायला हवं होतं. वाटू दे. चेहऱ्यावर तेवढं येऊ देऊ नका; बाकीचे दोघे तुमच्याकडेच बघत असतात.