‘एक डबी, एक तार, सगळे बँड’: गच्चीवरच्या अँटेनाबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

सोलापूरच्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘जागा कमी असेल तर फार विचार करू नका. ४९:१ ची डबी घ्या, २० मीटर तार जोडा, कशीही बांधा. सगळे एचएफ बँड चालतील. काउंटरपॉइज नको, अर्थ नको. एसडब्ल्यूआर खाली आला की अँटेना उत्तम.’ (इथे डबी म्हणजे रोध बदलणारा ट्रान्सफॉर्मर, एचएफ म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झचा पट्टा, काउंटरपॉइज म्हणजे प्रवाहाला परतीची वाट देणारी दुसरी तार, आणि एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना रेडिओशी किती जुळते ते दाखवणारा आकडा; १:१ म्हणजे पूर्ण जुळलेली.) नुकताच परवाना मिळालेली मुलं हे वाचून पहिला खर्च त्या डबीवर करतात आणि आठवडाभरात ‘एचएफवर काही ऐकूच येत नाही’ म्हणून निराश होतात. म्हणून प्रत्येक वाक्याला उत्तर देतो.

‘सगळे बँड’ हे खोटं आहे. २० मीटर तार म्हणजे ७ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी. १४, २१ आणि २८ हे सातचेच पाढे, त्यामुळे ४०, २०, १५ आणि १० मीटर बँडवर तारेच्या टोकाला काही हजार ओहमचा रोध मिळतो आणि ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर तो ५० ओहमच्या जवळ आणतो. इथवर संदेश बरोबर आहे. पण १८ मेगाहर्ट्झला (१७ मीटर बँड) त्याच तारेत साधारण अडीच अर्धलहरी बसतात, २४.९ ला (१२ मीटर बँड) साडेतीन. म्हणजे टोकाला रोध जास्त हवा तिथे नेमका कमी मिळतो, आणि डबी तो आणखी खाली नेते. ८० मीटरवर ही तार पाव लहरीची होते, तिथेही तीच गत. १७, १२ किंवा ८० मीटर हवे असतील तर ही डबी पुरणार नाही.

‘कशीही बांधा’ या दोन शब्दांनी सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. जुळे सोलापुरातला ३० बाय ४० फुटांचा प्लॉट धरा. गच्ची पूर्ण प्लॉटभर आहे असं मानलं तरी कर्ण भरतो ५० फूट, म्हणजे सव्वापंधरा मीटर. २० मीटर तार सरळ बसत नाही, ती वळवावी लागतेच. मग लोक ती कठड्याला गुंडाळतात, टाकीच्या स्टँडवरून फिरवतात, उरलेली उलट दिशेनं परत आणतात. समांतर परत आणलेल्या तारेतला प्रवाह पहिल्या भागाचं प्रसारण खोडतो. कठड्यावर ठेवलेली तार स्लॅबमधल्या सळयांपासून हातभर अंतरावर असते, आणि शक्तीचा मोठा वाटा तिथेच जिरतो. जुन्या पेठांतल्या लाकूड-मातीच्या माळवदात सळया नसतात, तरी तिथेही तार उचलावीच लागते.

वळवण्याचा नियम सोपा आहे. ४० मीटर बँडवर अर्धलहरी तारेत प्रवाह मधोमध सर्वांत जास्त असतो, टोकांना जवळजवळ शून्य. म्हणून मधला दहा मीटरचा भाग उंच आणि सरळ ठेवा. टोकं खाली सोडा, बाजूला वळवा, फारसं बिघडत नाही. संदेश लिहिणाऱ्यानं एवढं एक वाक्य जरी घातलं असतं तरी कित्येकांचे सिग्नल सुधारले असते.

आता ‘काउंटरपॉइज नको’. तारेत जितका प्रवाह शिरतो तितकाच दुसऱ्या टर्मिनलमधून यावा लागतो. त्यासाठी तुम्ही तार दिली नाही तर कोॲक्सचं, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलचं, बाहेरचं आवरण ते काम करतं. म्हणजे काउंटरपॉइज असतोच, फक्त तो तुमच्या खोलीतून, टेबलावरून, रेडिओच्या पेटीपर्यंत येतो. माइक ओठांना चटका देतो, लॅपटॉपचा माउस गोठतो. त्याहून वाईट म्हणजे तीच केबल घरातला सगळा गोंगाट गोळा करते: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, सोलर पॅनेलची यंत्रणा. यंत्रमागांच्या गल्लीत राहणाऱ्याला तर व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) चालणाऱ्या मोटारींचा आवाजही मिळतो. ‘ऐकू येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पारख करायची असेल तर कोॲक्स हातात धरा किंवा तिची लांबी दोन-तीन मीटरनं बदला. एसडब्ल्यूआर लक्षणीय हलला तर केबलच अँटेना झाली आहे. उपाय स्वस्त आहे: डबीच्या अर्थ टर्मिनलला ४० मीटरसाठी सुमारे दोन मीटर तार आणि त्यानंतर कोॲक्सवर फेराइट रिंगचा चोक, जो आवरणावरचा प्रवाह अडवतो. तार न देता चोक थेट डबीशी लावू नका. परतीची वाटच बंद होते.

‘अर्थ नको’ म्हणताना संदेशानं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. काउंटरपॉइज प्रसारणासाठी, अर्थिंग जिवासाठी. आपल्याकडे वैशाखात वळवाचे ढग येतात तेव्हा पाऊस पडायच्या आधीच तारेवर स्थिर विद्युतभार साचतो. त्याला जमिनीकडे वाट हवी, आणि गडगडाट सुरू व्हायच्या आधी केबल काढून घराबाहेर ठेवायला हवी. शिवाय १०० वॉटला या डबीच्या तारेकडच्या टोकाला सुमारे ५०० व्होल्ट असतात. उन्हाळ्यात सोलापुरात लोक गच्चीवर झोपतात, वाळवणं घालतात, मुलं खेळतात. दोन्ही टोकं हात पोचणार नाही अशीच हवीत. महावितरणच्या तारांवरून किंवा खालून अँटेना नेऊ नका, कधीच नाही.

एसडब्ल्यूआरबद्दल थोडक्यात: डमी लोडचा (अँटेनाऐवजी जोडायचा ५० ओहमचा रोधक) एसडब्ल्यूआर सगळ्या बँडवर १:१ असतो आणि त्यातून सिग्नल बाहेर जात नाही. छोट्या केबलवर ३:१ ने होणारं जादा नुकसान किरकोळ असतं. त्यापेक्षा दहा मिनिटं एफटी८ (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड) चालवा, रेडिओ बंद करा, मग डबी उघडून आतली रिंग किती तापली ते पाहा. उष्णता म्हणजे बाहेर न गेलेला सिग्नल.

मग त्याच ३० बाय ४० च्या गच्चीवर काय लावावं? माझं मत स्पष्ट आहे: ४० आणि २० चा फॅन डायपोल (एकाच मध्यबिंदूतून निघणाऱ्या दोन बँडच्या तारांच्या जोड्या), उलट्या व्हीच्या आकारात. मध्यभागी सहा मीटरचा बांबू नीट ताणून उभा करा, माथ्याला १:१ बलून (कोॲक्स आणि दोन्ही तारा यांना जोडणारा भाग), टोकं अडीच मीटरवर. प्रत्येक बाजूला कर्णात साधारण ८.४ मीटर तार बसते. उरलेली दीड-पावणेदोन मीटर दोरीच्या आधारानं कठड्याच्या दिशेला वळवा. त्याच माथ्यावरून २० साठी पाच-पाच मीटरच्या तारा, पहिल्यांपासून दूर. ४० ची तार १५ वरही चालते, थोडी मदत रेडिओतला ट्यूनर (रोध जुळवणारा भाग) करतो. दुमजली घरावर ४० मीटरला ही उंची कमी आहे, त्यामुळे सिग्नल बराचसा वर जातो. दिवसा पुणे, लातूर, कोल्हापूर, हैदराबाद गाठायला नेमकं तेच हवं असतं.

१७ आणि १२ सुद्धा हवे असतील आणि चांगला बॅलन्स्ड ट्यूनर असेल तर १३.४ मीटरचा, समांतर दोन तारांच्या फीडलाइनचा डब्लेट (मधोमध जोडलेली तार) घ्या. फ्लॅटमधल्या ज्याला एकच आधार मिळतो, त्याच्यासाठी मात्र ४९:१ खरोखर उपयोगी आहे: दहा मीटर तार, मग ३४ मायक्रोहेन्रीचं कॉइल, पुढे सुमारे दोन मीटर. ४०, २०, १० मिळतात, ४० वर बँडविड्थ अरुंद राहते.

तार कापताना १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, अर्धलहरी मीटरमध्ये मिळते. घरगुती वायरिंगची प्लॅस्टिकची वायर असेल तर शेवटी थोडी आखूड करावी लागेल. म्हणून आधी लांब ठेवा, टोक दुमडून ट्यून करा, आणि सगळं जुळल्यावरच कात्री लावा.