घरात कोणीच नाही

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले तेव्हा मोठ्या वन्सं म्हणाल्या होत्या, "आता सांभाळ गं. निवृत्त पुरुष स्वयंपाकघरात शिरतात. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात, गॅस बारीक कर म्हणतात." मी कंबर कसून बसले होते. पण हे स्वयंपाकघराकडे फिरकलेच नाहीत. हे थेट अद्वैतात शिरले.

आता इंदूरच्या मराठी घरांना वेदान्त काही नवा नाही. लोकमान्य नगरात कोणाकडे ना कोणाकडे पोथी चालूच असते, आणि आमच्याकडे सासूबाईंचा हरिपाठ एक दिवस चुकत नाही. पण ते सगळं वेळेत बसणारं. साडेसातला जगत मिथ्या, आठला पोळ्या. यांचं अद्वैत आलं मोबाइलमधून आणि त्याला वेळकाळ नाही. एक गोरे गृहस्थ खुर्चीत बसतात, बराच वेळ काहीच बोलत नाहीत, मग हळूच म्हणतात, 'इथे कोणीच नाही.' की समोरचे शे-दोनशे लोक डोळे पुसायला लागतात. एवढे लोक तिकीट काढून आलेले दिसत असताना कोणीच नाही कसं, हे विचारायची तिथे पद्धत नसावी.

मला नवल वाटतं ते या मालाच्या प्रवासाचं. मुंबईला खेतवाडीत बिडीचं दुकान चालवणारे मारुती कांबळी, म्हणजे निसर्गदत्त महाराज, आपल्या घराच्या माळ्यावर बसून हेच सगळं चक्क मराठीत सांगत होते. परदेशी मंडळी जिना चढून यायची, शेजारी बसलेला दुभाष्या इंग्रजी करून द्यायचा. मॉरिस फ्रीडमन यांनी १९७३ साली ती संभाषणं इंग्रजीत आणली आणि ती जगभर गेली. आता तोच माल अमेरिकेत वळसा घालून, उच्चार बदलून आमच्या बैठकीत उतरतो आणि हे मला तो इंग्रजीत समजावतात. मुंबईहून निघालेली अवंतिका एक्सप्रेस रातोरात येऊन सकाळी इंदूरला पोचते. सरळ तिने यायला काय हरकत होती?

असो. माल कुठूनही येवो, वापरणार कसा हे महत्त्वाचं. आमच्याकडे तो असा वापरला जातो:

"अहो, विजेचं बिल भरलंत का?"

"बिल राहिलंय हे कोणाला जाणवतंय?"

"मला."

"तो 'मी' शोध."

१८९६ साली मदुराईत सोळा वर्षांच्या रमण महर्षींना अचानक मरणाची भीती वाटली, तेव्हा ते जमिनीवर पडून राहिले आणि हे शरीर गेल्यावर 'मी' म्हणून काय उरतं याचा त्यांनी शोध घेतला. स्वतःत. आमच्याकडे हा प्रश्न बायकोला विचारला जातो, आणि तोही बिलाची शेवटची तारीख असताना. मी म्हटलं, बिलावर नाव तुमचं आहे, वीजवाले ज्याला शोधत येतील तो तुमचाच 'मी' असेल. त्यावर हे मंद हसले. हे मंद हसणं हा नवीन प्रकार आहे. पूर्वी हे खवळायचे.

खरं सांगायचं तर माझी अडचण तीच आहे. लोकांना वाटतं, नवरा कामं टाळतो म्हणून ही करवादते. कामं ते पूर्वीही टाळायचे, पण तेव्हा निदान भांडण व्हायचं. मी एक बोलले की हे दोन बोलायचे, मग माझ्या माहेरचा उद्धार, मग यांच्या आत्याचा, मग दोघांनाही भूक लागायची. आता मी तावातावाने सुरुवात करते आणि समोरून विचारणा होते, "राग उठतोय. छान. तो कुठून उठतोय?" भांडायला किमान दोन माणसं लागतात हो. अद्वैतात एकच असतं आणि तेही साक्षी होऊन सोफ्यावर बसलेलं. वर डॉक्टर म्हणतात यांचं ब्लड प्रेशर कधी नव्हे इतकं छान आहे. असणारच. घरातलं सगळं प्रेशर आता एकाच माणसाकडे आलं आहे.

'चहा करणारी इथे कोणीच नाही' हे उत्तर मला सुचलं नसेल असं समजू नका. पहिल्याच आठवड्यात दिलं. हे शांतपणे उठले, स्वतः चहा केला, सासूबाईंना दिला, मलाही दिला. चांगला झाला होता. मग संध्याकाळी गेले तर ओट्यावर उतू गेलेलं दूध वाळून खडखडीत, पातेल्याच्या बुडाला साखरेचा काळा थर, गाळणीत पावडर तशीच, आणि साखरेच्या डब्यात ओला चमचा. चहा झाला होता, करणारा कोणी नव्हता. शास्त्राला धरूनच होतं सगळं.

जेवणात 'नेति नेति' आलं. उपनिषदात हे ब्रह्माबद्दल आहे: हे नव्हे, ते नव्हे, असं करत करत जे नाकारता येत नाही तिथे पोचायचं. आमच्याकडे दुधी? नेति. गिलकी? नेति. टिंडे? नेति नेति. रविवारी सकाळी कोपऱ्यावरचे पोहे आले की मात्र शोध संपतो. पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला, बाजूला दोन जिलब्या, आणि "जीरावन जरा आणखी टाक" हे अगदी स्पष्ट कर्तरी प्रयोगात.

पण खरा पेच पडला तो कचऱ्याचा.

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या या गावात कचरा ही साधी गोष्ट राहिलेली नाही. गाडी गाणं वाजवत दारात येते आणि तिला सहा कप्पे आहेत: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि इ-कचरा. मिसळून दिलात तर गाडीवाला घेत नाही. चारचौघांत डबा परत हातात देतो, आणि पलीकडच्या गॅलरीतून ते दिसतं. आमच्या भागात एखाद्याचा मुलगा नापास झाला तर लोक पोटात घालतील, पण डबा परत आला तर महिनाभर चर्चा.

निवृत्तीनंतर डब्यांचं खातं यांच्याकडे दिलं होतं. एके दिवशी गाणं ऐकू आलं, हे डबा घेऊन बाहेर गेले आणि बराच वेळ आत येईनात म्हणून मी दारात गेले. गाडीवरचा मुलगा डब्यात वाकून बघत होता. भेंडीची देठं, दुधाची पिशवी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, रिमोटचे दोन सेल आणि वर चहाचा चोथा.

"बाबूजी, ये क्या? सब एक कर दिया?"

"सब एक ही तो है, भैया," हे म्हणाले. तेच मंद हसू.

मुलाने क्षणभर विचार केला. "ऊपर होगा, बाबूजी. गाडी में तो छे हैं."

आणि डबा परत. शंकराचार्यांच्या परंपरेने पारमार्थिक सत्ता आणि व्यावहारिक सत्ता यांच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. परमार्थात भेद नाही, पण व्यवहार चालू आहे तोवर दोरी ती दोरी आणि साप तो साप. या मुलाने ते गाडी चालू असतानाच उरकलं.

हे आत आले आणि मला म्हणाले, "त्याला तत्त्व कळलं नाही." मग बसवून समजावलं. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना आहे, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, रोज साडेपाचशे टन कचरा खाण्याची त्याची ताकद, आणि त्या गॅसवर सिटी बस चालतात. "म्हणजे बघ, आज जे दुधीचं साल आहे तीच उद्याची बस. नाम आणि रूप तेवढं बदललं." मी म्हटलं, बरोबर आहे, पण त्या सालात तुमचे सेल गेले तर ना साल राहील ना बस. तुमच्या शंकराचार्यांनीही साधनेची पहिली पायरी नित्य काय आणि अनित्य काय हे निवडण्याचीच सांगितली आहे ना? सगळं एक आहे हे शेवटी. सुरुवातीला निवडणंच आहे. तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश, अन्नमयापासून आनंदमयापर्यंत, एकेक बाजूला काढत जायचे. आपल्या महापालिकेचा एक कप्पा जास्त, एवढाच फरक.

हे गप्प झाले. मला वाटलं जिंकले. पण ते म्हणाले, "हे तुला कोणी शिकवलं?" कोणी म्हणजे काय! इतकी वर्षं पोळ्या लाटताना तुमचाच मोबाइल ऐकते आहे.

सासूबाई हे सगळं देवघरातून ऐकत होत्या. त्यांना या विषयात रस नाही, पण मत आहे. म्हणाल्या, "अरे, ज्ञानोबांनी निर्जीव भिंत चालवली. तू निदान डबा चालव गाडीपर्यंत. नीट." मग त्यांनी रामकृष्ण परमहंसांची हत्तीची गोष्ट सांगितली. सर्वत्र नारायण आहे असं गुरूंनी शिकवलेलं. समोरून पिसाळलेला हत्ती आला, माहूत ओरडतोय 'बाजूला व्हा', शिष्य हलेना. हत्तीतही नारायणच! हत्तीने सोंडेने उचलून आपटला. शुद्धीवर आल्यावर गुरू म्हणाले, हत्ती नारायण हे खरंच रे बाबा, पण माहूत नारायणाचं का नाही ऐकलंस? "तेव्हा उद्यापासून," सासूबाई म्हणाल्या, "गाडीवाल्या नारायणाचं ऐकायचं." त्या दिवसापासून हे सहा डबे मुकाट्याने करतात. मला मात्र अजून 'वर्गीकरण घडतंय' असंच कळवलं जातं.

यांच्यासारखे आणखी काही निवृत्त जीव आहेत. दर गुरुवारी कोणाच्या तरी हॉलमध्ये जमतात आणि आळीपाळीने नसतात. गेल्या हिवाळ्यात या मंडळींची ओंकारेश्वरची सहल निघाली, सपत्नीक. ओंकारेश्वर इंदूरहून ऐंशी-एक किलोमीटर. तिथेच नर्मदाकाठी बाल शंकराला गुरू भेटले, गोविंदपाद. परंपरा सांगते की त्यांनी 'तू कोण?' विचारलं आणि मुलाने दहा श्लोकांत आपण काय काय नाही ते सांगितलं. मांधाता पर्वतावर आता बारा वर्षांच्या त्या शंकराचा १०८ फुटी पुतळा उभा आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये अनावरण झालं. पुतळ्याचं नावच एकात्मतेचं.

एकात्मतेकडे जाताना गाडीत पुढची सीट कोणाची यावर इंदूरच्याच भंवरकुआं चौकापर्यंत चर्चा चालली. प्रत्येकाला घाटात मळमळत होतं. देह मिथ्या असला तरी उलटी खरी असते हे सगळ्यांना मान्य होतं. पुतळा मोठा देखणा आहे. त्या पोरसवदा चेहऱ्याकडे बघून मला आधी हेच वाटलं की याच्या आईने याला संन्यासाला कसं सोडलं असेल. मंडळी समोर डोळे मिटून बसली, आम्ही बायका सावली शोधून बसलो, आणि खरं सांगते, तो अर्धा तास फार बरा गेला. खाली नर्मदा, वारा, आणि कोणी कोणाला काही विचारत नाही.

परतताना हिशेब निघाला. डिझेल, ड्रायव्हरचं जेवण, पार्किंग. इथे तरी 'देणारा कोण, घेणारा कोण' असं एखादा म्हणेल म्हणून मी कान टवकारून बसले होते. छे! वाटणी पैशांपर्यंत झाली, आणि ज्या दोघांनी वाटेत बडवाहला चहा घेतला नव्हता त्यांचे 'मी' आवर्जून वेगळे निघाले. यांचाही त्यात एक होता. यांनी चहा घेतला नव्हता, कारण माझ्यातला अर्धा प्यायले होते.

आता तमिळनाडूत तिरुवण्णामलैला जायचं चाललं आहे. रमण महर्षी सोळाव्या वर्षी तिथल्या अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी पोचले ते १९५० साली देह ठेवेपर्यंत, चौपन्न वर्षं, तिथून हलले नाहीत. जायचं कुठे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आश्रमाच्या स्वयंपाकघरात पहाटे उठून भाजी चिरत बसायचे, हे मी यांना मुद्दाम दोनदा सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं नाही, दुसऱ्यांदा मंद हसले. तर त्या न हलणाऱ्या माणसाकडे आमची मंडळी गाड्या बदलत जाणार आहेत.

काल त्या प्रवासाचा फॉर्म भरून यांनी टेबलावर ठेवला होता. नावाच्या रकान्यात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, पुढे 'सेवानिवृत्त शाखा व्यवस्थापक', रकाना पुरला नाही म्हणून समासात. जेवणात 'तिखट चालेल'. बर्थच्या रकान्यात स्वतःसाठी लोअर, माझ्यासाठी अपर.

मी पेन घेतलं आणि अदलाबदल केली. हे बघत होते.

"साक्षी काय, वरूनही तेवढंच बघतो," मी म्हटलं.

यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने विचारलं, "त्या नव्या डब्यांमध्ये शिडी खिडकीच्या बाजूला असते की पॅसेजच्या?"